लेखी आश्वासने आणि गुप्त मतपत्रिका: सुरक्षा परिषदेच्या जागेचा हिशेब

प्रश्न असा आहे की, एखाद्या देशाला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेवर दोन वर्षांची अस्थायी जागा हवी असेल तर त्यासाठीची मोहीम प्रत्यक्षात कशी चालते, तिच्यात पैसा आणि मेजवान्या यांचा वाटा किती असतो, आणि पुरेशा मतांची आश्वासने गाठीशी असूनही काही देश हरतात ते कसे. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले तर पहिल्या दोहोंची उत्तरे ओघाने येतात. न्यूयॉर्कमध्ये एका स्थायी मिशनमध्ये, म्हणजे एका देशाच्या संयुक्त राष्ट्रांतल्या कार्यालयात, मी बरीच वर्षे निवडणुकांचा हिशेब सांभाळला आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, या मोहिमेत मत मागणे हे त्यामानाने सोपे काम आहे आणि मिळालेल्या आश्वासनाची खरी किंमत ओळखणे हे अवघड काम आहे. हरणारे देश बहुधा या दुसऱ्या कामात चुकतात.

आधी नियम पाहू, कारण सगळी खोच तिथेच आहे. परिषदेत पंधरा जागा आहेत. त्यांपैकी पाच स्थायी आणि दहा अस्थायी. अस्थायी जागा मुळात सहा होत्या. १९६३ मध्ये आमसभेने, म्हणजे सर्व सदस्य देशांच्या सभेने, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दुरुस्ती मंजूर केली, ती १९६५ मध्ये अमलात आली आणि जागा दहा झाल्या. दरवर्षी पाच जागांसाठी मतदान होते, आणि मुदत संपलेल्या देशाला लगेच पुन्हा निवडून येता येत नाही. जागा प्रादेशिक गटांत वाटलेल्या असल्या तरी मतदान मात्र सगळी आमसभा करते. निवडून येण्यासाठी उपस्थित राहून मतदान करणाऱ्या देशांच्या दोन तृतीयांश मते लागतात. सर्व १९३ देशांनी मत दिले तर हा आकडा १२९ होतो. मतदान गुप्त असते. सनदेच्या तेविसाव्या कलमात उमेदवाराची पात्रताही सांगितली आहे: शांतता व सुरक्षितता राखण्यातील त्याचे योगदान आणि भौगोलिक समतोल. हे कलम प्रत्येक उमेदवार आपल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापतो. मतपत्रिका भरताना ते कोणाच्या मनात असते, याविषयी मी आशावादी नाही.

गुप्त मतदान आणि दोन तृतीयांशाची अट या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते २०२० च्या निवडणुकीत स्वच्छ दिसले. पश्चिम युरोपीय व इतर गटाच्या दोन जागांसाठी नॉर्वे, आयर्लंड आणि कॅनडा असे तीन उमेदवार होते. नॉर्वेला १३०, आयर्लंडला १२८ आणि कॅनडाला १०८ मते पडली. आवश्यक आकडा होता १२८. म्हणजे आयर्लंड एकही मत हातचे न राहता पार पडला. एक प्रतिनिधी त्या दिवशी आलाच नसता किंवा एकाने नाव चुकीचे लिहिले असते, तर दुसरी फेरी झाली असती आणि दुसऱ्या फेरीत काय घडेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. याच निकालात आणखी एक बारीक गोष्ट लपलेली आहे. त्या वर्षी १९२ देशांनी मतदान केले. प्रत्येकाने दोन्ही जागांसाठी नाव लिहिले असते तर बेरीज ३८४ झाली असती; तिघांची मते मिळून होतात ३६६. उरलेल्या दीड डझन ओळींपैकी बऱ्याच कोऱ्या सोडल्या गेल्या असणार, आणि माझ्या अनुभवात अशा कोऱ्या ओळी क्वचितच निष्काळजीपणाने राहतात. आपल्या मित्राचे नाव लिहायचे आणि दुसरी ओळ रिकामी ठेवायची, म्हणजे त्याच्या प्रतिस्पर्ध्याला आपल्याकडून मदत होत नाही, हा जुना आणि पूर्णपणे नियमात बसणारा डाव आहे. तीन देशांना दोन जागांचे आश्वासन देऊन बसलेल्या देशांचा प्रश्नही याच कागदावर, पेन हातात असताना, सुटतो.

आता हिशेबाच्या वहीकडे येतो. प्रत्येक उमेदवार देशाच्या मिशनमध्ये एक तक्ता असतो. मी जो सांभाळत असे त्यात देशाच्या नावापुढे आठ-नऊ रकाने होते: पाठिंबा लेखी की तोंडी, लेखी असेल तर राजनैतिक नोटेचा क्रमांक व तारीख, तो राजधानीतून आला की न्यूयॉर्कमधल्या मिशनकडून, बदल्यात आपण काय कबूल केले, शब्द देणारा मंत्री अजून पदावर आहे का, स्थायी प्रतिनिधीची बदली कधी होणार, आणि सर्वांत शेवटी, ज्याच्यावर आमच्यात सर्वाधिक वाद होत, तो विश्वासाचा रकाना. लेखी नोट म्हणजे पूर्ण मत असे नवखे लोक धरतात. आम्ही स्पर्धा असलेल्या निवडणुकीत लेखी आश्वासनांतूनही दहातले एक वजा करत असू आणि तोंडी आश्वासन जेमतेम अर्धे धरत असू. ‘तुमच्या उमेदवारीचा आम्ही अत्यंत सहानुभूतीने विचार करू’ या वाक्याची किंमत शून्य. ‘आम्हाला तुमच्याविषयी नितांत आदर आहे’ याची किंमत शून्याहून कमी, कारण याचा अर्थ बहुधा असा असतो की मत दुसऱ्याला देऊन झाले आहे.

लेखी शब्दही का निसटतो, याची कारणे दगाबाजीपेक्षा बहुतेक वेळा साधी असतात. एका निवडणुकीत एका लहान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाने आम्हाला रीतसर नोट पाठवली होती आणि तक्त्यात तो देश ठळकपणे ‘पक्का’ होता. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी शेवटची खात्री म्हणून मी फोन केला, तेव्हा त्यांच्या मिशनमध्ये त्या नोटेची कोणालाच माहिती नव्हती. राजदूत रजेवर, आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात बसणारा तरुण अधिकारी आपल्या समजुतीप्रमाणे दुसऱ्याच देशाचे नाव लिहिणार होता. राजधानीत पहाटेचे तीन वाजले होते. नोटेची प्रत घेऊन मी स्वतः गेलो, त्याने ती दोनदा वाचली, आणि ते मत आम्हाला मिळाले असावे असे मी आजही मानतो. ‘असावे’ म्हणतो, कारण गुप्त मतदानात याहून जास्त कधीच कळत नाही. दुसरा प्रकार असा की, देश मनापासून आपल्या बाजूचा असतो पण वर्गणी थकल्यामुळे सनदेच्या एकोणिसाव्या कलमाखाली त्याचा मताधिकारच स्थगित झालेला असतो. म्हणून मतदानापूर्वीच्या आठवड्यात थकबाकीदारांची यादी तपासणे हे मोहिमेतले अगदी नीरस पण न टाळता येणारे काम आहे.

मतांची देवाणघेवाण उघड असते आणि त्यात लाजण्यासारखे काही आहे असे या व्यवसायात कोणी मानत नाही. तुम्ही आम्हाला सुरक्षा परिषदेसाठी मत द्या, आम्ही तुम्हाला मानवी हक्क परिषदेसाठी देतो. ४७ जागांची ती परिषद, ५४ जागांची आर्थिक व सामाजिक परिषद, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश, सागरी व हवाई वाहतुकीच्या संघटनांची मंडळे, अशा निवडणुका सतत चालू असतात आणि प्रत्येक जागा हे चलनच असते. सुरक्षा परिषदेच्या जागेचा भाव सर्वांत जास्त, त्यामुळे एका मताच्या बदल्यात पुढच्या दोन-तीन निवडणुकांतली मते मागितली जातात. इथे अडचण अशी येते की मंत्री दौऱ्यावर असताना उत्साहाने शब्द देतात आणि वही न्यूयॉर्कमध्ये असते. एकाच जागेसाठी दोघांना शब्द दिल्याचे मतदानाच्या तोंडावर लक्षात आले की त्याची भरपाई फार महाग पडते. कोणताही मंत्री कोणाला काही कबूल करण्याआधी एकाच अधिकाऱ्याला विचारेल, एवढी शिस्त ज्या देशाने पाळली त्याने मोहिमेचा अर्धा गड सर केला असे मी म्हणेन.

आश्वासनांचा आणखी एक दोष नियमावलीतून येतो. पहिल्या फेरीत निकाल लागला नाही की दुसरी घ्यावी लागते, आणि पहिल्या फेरीत नाव लिहून आपला शब्द पुरा झाला असे बरेच देश मानतात. २०१० मध्ये पश्चिम युरोपीय व इतर गटाच्या दोन जागांच्या लढतीत जर्मनी १२८ मतांनी पहिल्याच फेरीत निवडून आला. पोर्तुगालला १२२ आणि कॅनडाला ११४ मते होती. आठ मतांचे अंतर भरून काढता येण्यासारखे वाटते. दुसऱ्या फेरीत पोर्तुगाल ११३ आणि कॅनडा ७८ झाला, कॅनडाने माघार घेतली आणि तिसऱ्या फेरीत पोर्तुगाल १५० मतांनी आला. दुसऱ्या फेरीत उरलेल्या एकाच जागेसाठी प्रत्येकाला एकच नाव लिहायचे होते, म्हणजे दोघांनाही नावे देऊन सर्वांना खूश ठेवण्याची सोय संपली होती आणि खरी पसंती उघडी पडली. म्हणून जाणते देश नोटेत ‘सर्व फेऱ्यांसाठी’ हे शब्द मागून घेतात. ते मागताना समोरच्याचा चेहरा पाहावा. पहिल्या फेरीपुरताच पाठिंबा देणारा तिथे अडखळतो.

पहिल्या फेरीनंतरच्या, फक्त आघाडीच्या उमेदवारांपुरत्या मर्यादित अशा तीन फेऱ्यांतही कोणी निवडून आले नाही तर त्यापुढच्या फेऱ्यांत गटातल्या कोणत्याही पात्र देशाला मत देता येते, आणि मग मूळ स्पर्धकांव्यतिरिक्त तिसऱ्याचा विचार सुरू होतो. १९७९ मध्ये क्युबा आणि कोलंबिया यांच्यातली लढत १५४ फेऱ्या अनिर्णित राहिली; डिसेंबरअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या तेव्हा क्युबाचा आधार ढासळला, आणि ७ जानेवारी १९८० रोजी १५५ व्या फेरीत मेक्सिको निवडून आला. २००६ मध्ये ग्वाटेमाला आणि व्हेनेझुएला ४७ फेऱ्या एकमेकांना अडवून बसले आणि ४८ व्या फेरीत पनामाला जागा मिळाली. त्या वेळी व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ह्युगो चावेझ यांनी मतदानाच्या महिनाभर आधी आमसभेच्या व्यासपीठावरून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना सैतान म्हटले होते. सभागृहात टाळ्या आणि हशा झाला खरा, पण टाळ्या वाजवणारे सगळे मत देतात असे नाही. २०१६ मध्ये इटली आणि नेदरलँड्स पाचव्या फेरीत ९५-९५ वर अडकले तेव्हा त्यांनी मुदतच वाटून घेतली: २०१७ इटलीला, २०१८ नेदरलँड्सला. अशी वाटणी ऐनवेळी सुचते आणि तिला गटाची संमती लागते, तेव्हा तिच्यावर आधीपासून विसंबू नये.

एवढी अनिश्चितता असल्यामुळे सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे स्पर्धाच होऊ न देणे. आफ्रिकी देशांत उपविभागांनुसार पाळी ठरलेली असते आणि आफ्रिकी संघ उमेदवार निश्चित करतो. अन्य गटांतही बिनविरोध उमेदवार ठरवण्याचा प्रयत्न होतो. भारताचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १९९६ मध्ये भारताने आशियाई जागेसाठी जपानशी लढत दिली आणि १४२ विरुद्ध ४० अशी हार पत्करली. भारत मैदानात उशिरा उतरला होता, जपान अनेक मतदार देशांचा मोठा मदतदाता होता, आणि दोनच महिन्यांपूर्वी जिनिव्हात अणुचाचणीबंदी कराराला भारताने एकट्याने अडवल्याची नाराजी ताजी होती. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. मात्र तो घेतल्यावर त्याच वर्षी मते मागायला जाणे हिशेबाला धरून नव्हते. पुढच्या खेपेस, २०१० मध्ये, कझाकस्तानने आपली उमेदवारी मागे घेतली आणि भारताला १८७ मते पडली. २०२० साठी अफगाणिस्तान बाजूला झाला, २०१९ च्या जूनमध्ये आशिया-प्रशांत गटाने एकमुखाने पाठिंबा जाहीर केला आणि १९२ पैकी १८४ मते मिळाली. बिनविरोध असूनही आठ देशांनी नाव लिहिले नाही हेही ध्यानात घ्यावे. बिनविरोध म्हणजे मतदान टळत नाही, दोन तृतीयांश मते मिळवावीच लागतात. आणि बाजूला होणारा देश उपकार म्हणून होत नाही, त्याचेही काहीतरी आपल्या वहीत चढते.

गटाचा पाठिंबा असला तरी लढत टळेलच असे नाही. २०२० मध्येच आफ्रिकी संघाने केनियाला निवडले असताना जिबूती रिंगणात राहिला. पहिल्या फेरीत केनिया ११३, जिबूती ७८. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत केनिया १२९, जिबूती ६२. दोन्ही फेऱ्यांत दोघांच्या मतांची बेरीज १९१ च आहे, म्हणजे एका रात्रीत सोळा मते इकडून तिकडे गेली. त्या रात्री दोन्ही मिशनमध्ये कोणी झोपले नसेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

किती आधी सुरुवात करावी, याला ठरावीक उत्तर नाही. स्वित्झर्लंडने २०११ मध्ये ठरवले आणि २०२२ मध्ये १८७ मतांनी जागा मिळवली. कॅनडाने २०२० च्या जागेसाठी २०१६ मध्ये उमेदवारी जाहीर केली, तोवर नॉर्वे आणि आयर्लंड अनेक देशांकडून शब्द घेऊन बसले होते, आणि एकदा दिलेला लेखी शब्द उघडपणे मागे घेणे सहसा कोणाला आवडत नाही. उलट ऑस्ट्रेलिया २००८ मध्ये, फिनलंड व लक्झेंबर्ग यांच्यापेक्षा कितीतरी उशिरा, उतरला आणि २०१२ मध्ये पहिल्याच फेरीत १४० मते घेऊन गेला. हरला तो फिनलंड. ऑस्ट्रेलियाने चार वर्षे आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातल्या देशांत खास दूत पाठवून, एरवी ज्या राजधान्यांत त्याचे कोणी फिरकत नसे तिथे जाऊन, उशीर भरून काढला. लवकर जाहीर करण्याचा फायदा असा की रिकाम्या यादीवर आपले नाव पहिले लागते. तोटा असा की दहा वर्षांत सरकारे बदलतात आणि जुन्या नोटा पुन्हा ताज्या करून घ्याव्या लागतात.

या राजधान्यांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण मोहिमेचे खरे मैदान तेच आहे. आमसभेत तुवालूचे मत आणि चीनचे मत सारखेच मोजले जाते. १९९२ मध्ये सिंगापूरच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या लहान देशांच्या मंचात आज शंभराहून अधिक देश आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त मतदार. या देशांची मिशन चार-पाच माणसांची असतात, त्यांच्या राजधान्यांत बहुतेकांचे दूतावास नसतात, आणि त्यांना उमेदवाराची जागतिक दृष्टी ऐकण्यापेक्षा समुद्राची पातळी, कर्ज, किंवा एखाद्या ठरावाच्या मसुद्यातले वाक्य यांत रस असतो. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या ठरावाला सहप्रायोजक कोण झाले होते हे त्यांना पक्के आठवते. जो देश उमेदवारी जाहीर केल्यावर प्रथमच भेटीला येतो त्याचे स्वागत हसतमुखाने होते, आणि हसत हसतच निरोपही दिला जातो. लहान देश केवळ मतदार असतात असेही नाही: जेमतेम एक लाखाच्या वस्तीचा सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स २०१९ मध्ये १८५ मतांनी परिषदेवर निवडून आला.

मेजवान्या, भेटवस्तू आणि कार्यक्रम यांना मी फार महत्त्व देत नाही, पण पूर्ण नाकारतही नाही. २०२० च्या स्पर्धेत आयर्लंडने राजदूतांना यू टू या बँडच्या आणि कॅनडाने सेलिन डिऑनच्या मैफलीला नेले, याची वृत्तपत्रांनी चवीने चर्चा केली. दोघांनीही संगीत ऐकवले आणि एकच जिंकला, एवढ्यावरून काय ते समजावे. पूर्वी मतदानाच्या दिवशी प्रत्येक खुर्चीवर भेटवस्तूंच्या पिशव्या ठेवल्या जात. २०१७ मध्ये आमसभेने ठरवले की त्या दिवशी सभागृहात उमेदवाराची माहिती देणारे एकच पान वाटता येईल. घोषवाक्यांचेही तसेच, ती सुबक असावीत, पण राजदूत त्यांना मत देत नाहीत. जे खरोखर उपयोगी पडते ते वर्षानुवर्षांचे दिसणारे काम: आयर्लंडचे सैनिक १९५८ पासून अखंड शांतिसेनेत आहेत, भारताने आजवर दोन लाखांहून अधिक सैनिक पाठवले आहेत, आणि अशा गोष्टी पुस्तिकेत छापल्या नाहीत तरी लोकांना ठाऊक असतात.

मतदानाचा दिवस मात्र शांत असतो. २०१६ पासून ही निवडणूक जूनमध्ये होते, पूर्वी ती ऑक्टोबरमध्ये होत असे. गटनिहाय मतपत्रिका वाटल्या जातात, प्रतिनिधी बसल्या जागी त्या भरतो, कर्मचारी पेट्या घेऊन रांगांमधून फिरतात आणि मोजणीसाठी काही काळ कामकाज थांबते. त्या वेळात आमची माणसे सभागृहात ठरवून दिलेल्या खुर्च्यांपाशी उभी असत, दुसरी फेरी लागलीच तर कोणाशी कोण बोलणार हे आदल्या दिवशीच वाटून दिलेले असे. दोन फेऱ्यांमधला वेळ कधी कधी अर्ध्या तासाचाही नसतो, आणि राजधानीशी संपर्क होईपर्यंत पुढच्या मतपत्रिका हातात पडतात. तेव्हा शेजारच्या रांगेतल्या राजदूताशी आपल्या राजदूताची जी ओळख असेल तीच काय ती कामाला येते.

निकालानंतर अभिनंदन करायला येणारा प्रत्येक जण ‘आमचे मत तुम्हालाच होते’ असे सांगतो. आम्ही एकदा गंमत म्हणून त्यांची नोंद ठेवली, तर असे सांगणारे देश आम्हाला पडलेल्या मतांहून बरेच जास्त निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनाच, मत न देणारे म्हणून ज्यांची जवळपास खात्री होती त्यांनाही, एकाच मजकुराची आभारपत्रे पाठवली. त्यानंतर तक्त्यातला ‘बदल्यात कबूल केलेले’ हा रकाना वेगळा काढून नवी वही केली. त्यातले शेवटचे मत आम्ही दिले तेव्हा परिषदेवरची आमची दोन वर्षे संपून चार वर्षे उलटली होती, आणि ज्याला ते दिले त्या देशाच्या राजदूताला त्या जुन्या नोटेची प्रत मलाच दाखवावी लागली.